‘एदुकासिओन’ म्हणजे नुसतं शिक्षण नव्हे

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या पूर्व भागात एका सार्वजनिक वाचनालयात मी तीन वर्षं, आठवड्यातून दोन संध्याकाळी, शाळकरी मुलांना गणिताच्या गृहपाठात मदत करायला जायचे. पगार नाही, हौस. तिथे येणाऱ्यांत सगळ्यात तल्लख मुलगी दहावीतली होती. आईवडील मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातून आलेले. आई लोकांची घरं साफ करायची, वडील बागकाम करायचे. बीजगणित तिला पाण्यासारखं यायचं. पण घड्याळात पावणेपाच झाले की समीकरण कुठल्या का पायरीवर असेना, पेन्सिल वहीत, वही दप्तरात आणि बाईसाहेब उठल्या. धाकट्या भावाला आणायचं, त्याला खायला घालायचं, आई यायच्या आत घर आवरायचं.

एकदा मी म्हटलं, “अगं, दोन मिनिटं थांब, एवढं उदाहरण संपव.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चोरी करायला सांगत होते.

तिचे मार्क म्हणाल तर बी, बी, सी आणि रसायनशास्त्रात डी. त्या ‘डी’कडे पुढे येतेच.

आता हिला घर मागे ओढतंय की पुढे ढकलतंय? तिकडच्या मराठी मंडळींत, गणपतीच्या जेवणावळीत वगैरे, विषय निघाला की उत्तर तयार असतं: “त्यांच्याकडे शिक्षणाला किंमतच नाही हो. आपले संस्कार वेगळे.” मीही हे मान डोलवत ऐकलेलं आहे. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की या प्रश्नावर गेली पन्नासेक वर्षं संशोधन चालू आहे, आणि त्यातून निघालेलं उत्तर या वाक्याच्या जवळपासही जात नाही.

आधी माणसं कोण ते पाहू. 2020 च्या जनगणनेत अमेरिकेत लॅटिनो लोक, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतले आणि त्यांची मुलं-नातवंडं, 6 कोटी 20 लाखांच्या आसपास होते, म्हणजे दर पाचांतला जवळजवळ एक. सरकारी शाळांत तर चौघांतलं एक मूल लॅटिनो. पण ‘लॅटिनो’ हा शब्द ‘भारतीय’ या शब्दाइतकाच ढगळ. यातले सुमारे साठ टक्के मेक्सिकन मुळाचे. बाकीच्यांत यादवी युद्धातून पळालेले साल्वादोर-ग्वातेमालाचे लोक, डोमिनिकन, कोलंबियन, आणि 1960 च्या दशकात मायामीला येऊन थडकलेले क्यूबातले डॉक्टर-वकीलही. त्या वकिलाचा नातू आणि मिचोआकानच्या शेतमजुराची नात यांना एकाच ‘संस्कृती’च्या पेटीत घातलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

तरीही काही शब्द यातल्या बहुतेक घरांत ऐकू येतात. ते समजले की निम्मं काम झालं.

पहिला शब्द ‘फामिलिस्मो’. कुटुंब आधी, मी नंतर. 1987 साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी त्याचे तीन पदर वेगळे केले: घरच्यांसाठी राबण्याचं कर्तव्य, अडीअडचणीला घरचे धावून येतील ही खात्री, आणि काय करावं-काय करू नये हे घरच्यांकडे बघून ठरवणं. अमेरिकेत वर्षं जातात तसे पहिला आणि तिसरा पदर विरतात, पण खात्रीचा पदर टिकतो, असं त्यांना आढळलं. मला हे फार खरं वाटतं. माणूस आत्याचं ऐकणं सोडतो, पण हॉस्पिटलात भरती झाला की आत्या डबा घेऊन येईलच हे त्याला ठाऊक असतं.

दुसरा शब्द ‘एदुकासिओन’. इथे खरी मेख आहे. शाळेतल्या बाई इंग्रजीत ‘एज्युकेशन’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात वाचन, गणित, परीक्षा असते. आई स्पॅनिशमध्ये ‘एदुकासिओन’ म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात मोठ्यांशी नीट बोलणं, खोटं न बोलणं, लहानांना सांभाळणं हे सगळं आधी येतं, पुस्तकी विद्या त्या पाठोपाठ. स्पॅनिशमध्ये पीएचडी झालेल्या माणसालाही ‘माल एदुकादो’ म्हणता येतं आणि ती जिव्हारी लागणारी शिवी आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. “शिकला खूप, पण वळण नाही” हे आपल्याकडे आजी ज्या सुरात म्हणते, तोच तो सूर. इंग्रजीत मात्र हे एका शब्दात सांगता येत नाही, त्यामुळे शाळा आणि आई एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टी बोलत राहतात आणि दोघींनाही पत्ता लागत नाही.

यातून गैरसमज कसे होतात ते ग्वादालूपे वाल्देस या अभ्यासक बाईंनी सीमेलगतच्या दहा मेक्सिकन कुटुंबांत जाऊन टिपलं; त्यांचं पुस्तक 1996 साली आलं. आयांच्या दृष्टीनं मुलाला वळण लावणं हे घराचं काम आणि अक्षरं शिकवणं हे शिक्षिकेचं. शिक्षिकेच्या कामात नाक खुपसणं म्हणजे तिचा अनादर. ‘रेस्पेतो’ म्हणजे मान राखणं हा या घरांचा तिसरा शब्द. अमेरिकन शाळेची अपेक्षा नेमकी उलटी. पालकांनी वर्गात यावं, प्रश्न विचारावेत, शाळेसाठी केक भाजून विकावेत. आई आली नाही की वहीत शेरा: ‘पालकांना रस नाही.’ आई बिचारी घरी बसून समजतेय, आपण किती मर्यादेनं वागतो!

बरं, रस नसतो म्हणावं तर या घरांत मुलांना मिळणारा उपदेश ऐका. त्याला ‘कोन्सेहोस’ म्हणतात. गृहपाठ तपासणं नव्हे; भांडी घासताना, गाडीत, रात्री झोपण्याआधी सांगितलेल्या गोष्टी. “माझे हात बघ. तुझे असे होऊ देऊ नकोस.” टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या एका शेतमजूर कुटुंबाचा 2001 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. मुलं शाळेत पुढे होती, पण शाळेच्या मोजपट्टीवर आईबापांचा ‘सहभाग’ जवळपास शून्य. मग ते करत काय होते? पोरांना सोबत शेतात नेत होते. दिवसभर उन्हात राबवून विचारत होते: हे हवं, की पुस्तक? शाळेच्या कुठल्याही फॉर्मवर या गोष्टीला चौकट नाही.

म्हणजे मूल्यं आहेत, इच्छा आहे. मग मार्कांचं काय?

इथे अँड्र्यू फुलिग्नी या मानसशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडतं. 1999 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दहावी-बारावीच्या आठशेहून अधिक मुलांना विचारलं: घरकामात मदत करणं, भावंडांना सांभाळणं, मोठेपणी आईवडिलांना पैसे देणं, त्यांच्याजवळ राहणं हे तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? मुलं मेक्सिकन, मध्य व दक्षिण अमेरिकन, चिनी, फिलिपिनो आणि युरोपीय वंशाची. लॅटिनो आणि आशियाई मुलांना हे कर्तव्य गोऱ्या मुलांपेक्षा खूप जास्त वाटत होतं, यात नवल नाही. ज्यांना कर्तव्य जास्त वाटतं त्यांना शिक्षणही जास्त महत्त्वाचं वाटतं, हेही दिसलं. पण मार्कांचा आलेख काढला तर तो उपड्या वाटीसारखा निघाला. कर्तव्याची जाणीव मध्यम असलेली मुलं सगळ्यात वर. जाणीव अगदी कमी असलेली खाली, आणि सगळ्यात जास्त असलेली त्यांच्याइतकीच, किंवा त्यांच्याहूनही खाली.

आता जाणीव आणि काम या दोन गोष्टी निराळ्या करून बघू. इवा टेल्झर आणि फुलिग्नी यांनी नंतर 563 मुलांना नववी ते बारावी अशी वर्षानुवर्षं रोजनिशी भरायला लावली: आज घरी काय मदत केली, किती वेळ? त्यांना जे सापडलं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. मदतीचे तास वाढले म्हणून मार्क घसरले नाहीत. मदतीचे दिवस वाढले तेव्हा घसरले, तेही मेक्सिकन आणि चिनी घरांतल्या मुलांचे. अभ्यासाचा वेळ कमी झाला म्हणून घसरले असंही नाही. तो हिशेबात धरूनसुद्धा परिणाम उरलाच. म्हणजे मावसबहिणीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यासाठी शनिवारचे आठ तास राबणं वेगळं, आणि रोज, न चुकता, पावणेपाचला उठणं वेगळं. दुसऱ्यात डोक्याचा एक कोपरा कायम घड्याळाकडे लागलेला.

हे वाचल्यावर मला ती पेन्सिल वहीत टाकणारी मुलगी आठवली आणि “दोन मिनिटं थांब” म्हटल्याची लाज वाटली.

पण म्हणून ‘बिचारी मुलं’ असा सूर लावायलाही जागा नाही. त्याच रोजनिश्यांवर आधारलेल्या दुसऱ्या अभ्यासात, ज्या दिवशी घरी मदत केली त्या दिवशी मुलं जास्त आनंदी होती. आपण चांगला मुलगा, चांगली बहीण आहोत हे वाटणं हेच त्यामागचं कारण. लॉस एंजेलिसमध्ये मेंदूची छायाचित्रं घेऊन केलेला एक छोटासा प्रयोगही आहे: स्वतःच्या खिशाला चाट लावून घरच्यांना पैसे देताना लॅटिनो तरुणांच्या मेंदूतला ‘बक्षीस मिळालं’ असं सांगणारा भाग जास्त उजळत होता, गोऱ्या तरुणांचा तोच भाग पैसे स्वतःला मिळताना. मेंदूच्या रंगीत चित्रांवर माझा फार भरवसा नाही, त्यातून नमुनाही लहान. पण घरासाठी राबणं हे ओझं आणि आनंद एकाच वेळी असू शकतं, ही गोष्ट सांगायला चित्राची गरजही नाही. घरच्या थोरल्या बहिणीला विचारा.

मुलींचं म्हणाल तर घरकाम त्यांच्याच वाट्याला जास्त, बाहेर फिरायची मुभा कमी, आणि तरीही शाळेत त्या भावांच्या पुढे, असं बहुतेक अभ्यासांत दिसतं. घरात डांबल्याचा राग त्यांना असतोच. पण मुलगा रस्त्यावर आणि शाळेत ज्या कटकटींत सापडतो, त्यांपासून त्या आपोआप दूर राहतात.

आता एक कोडं. तर्क असा सांगतो की जितकी वर्षं अमेरिकेत, जितकी भाषा पक्की, तितके मार्क चांगले. पण ग्रेस काओ आणि मार्ता तिएंदा यांनी 1995 साली दाखवलं की स्थलांतरितांची मुलं, अगदी तिथे जन्मलेलीसुद्धा, अनेकदा तिसऱ्या पिढीपेक्षा बरी कामगिरी करतात. आईवडिलांचा आशावाद हे त्यांनी दिलेलं कारण. “तिकडे काय होतं आणि इथे काय होऊ शकतं” ही तुलना त्या घरात रोज जेवणाच्या टेबलावर असते. नातवंडांना ‘तिकडे’ आठवतच नाही. ती शेजारच्या गोऱ्या वस्तीतल्या शाळेशी स्वतःच्या शाळेची तुलना करतात आणि हिशेब पटकन समजतो.

अँजेला व्हॅलेन्झुएला यांनी ह्यूस्टनच्या एका प्रचंड मोठ्या, जवळजवळ पूर्ण मेक्सिकन शाळेत तीन वर्षं काढून याची दुसरी बाजू पाहिली. त्यांचं म्हणणं असं की शाळा मुलांच्या ज्ञानात भर घालण्याआधी वजाबाकी करते: भाषा वजा, गावची आठवण वजा, घरी शिकवलेलं नातं वजा. शिक्षक म्हणतात, “मुलांनी शाळेबद्दल आस्था दाखवावी.” मुलं म्हणतात, “आधी तुम्ही आमच्याबद्दल दाखवा.” एदुकासिओनच्या व्याख्येत मुलांचं बरोबर आहे. जो आपल्याला ओळखत नाही त्याच्याकडून काय शिकायचं?

या सगळ्यात एक गोष्ट लोक विसरतात. फामिलिस्मो म्हटलं की डोळ्यांपुढे एका मोठ्या टेबलाभोवती जेवणारं गोकुळ येतं. प्रत्यक्षात कॅरोला आणि मार्सेलो सुआरेस-ओरोस्को यांनी 1997 पासून पाच वर्षं बॉस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुमारे 400 स्थलांतरित मुलांचा माग ठेवला (मेक्सिको, मध्य अमेरिका, डोमिनिकन प्रजासत्ताक, हैती, चीन), तेव्हा दिसलं की त्यातली 85 टक्के मुलं स्थलांतराच्या काळात आई, वडील किंवा दोघांपासूनही मोठ्या कालावधीसाठी दूर राहिलेली होती. आई आधी जाते. मूल आजीकडे. दर महिन्याला पैसे, रविवारी फोन. पाच-सात वर्षांनी मूल बारा वर्षांचं होऊन विमानतळावर उतरतं, तेव्हा समोरच्या बाईला ‘आई’ म्हणायला जीभ वळत नाही. जिला ते आई समजत होतं ती मागे राहिलेली असते. आईच्या दृष्टीनं तिनं त्याच्यासाठी जन्म जाळलाय. मुलाच्या दृष्टीनं तिनं सोडून दिलं. आणि याच वर्षी त्यानं नव्या भाषेत अपूर्णांक शिकायचे. बऱ्याच मुलांचे मार्क वर्षागणिक घसरत गेले, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आता त्या ‘डी’कडे.

कॅलिफोर्नियात बहुतेक शाळांत डी मिळाला तरी विषय सुटतो आणि बारावीचा दाखला मिळतो. पण राज्याच्या सरकारी विद्यापीठांत, मग ते युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया असो की कॅलिफोर्निया स्टेट, जायचं तर सात विषयगटांतले मिळून वर्षभराचे पंधरा कोर्स लागतात, आणि त्या प्रत्येकात किमान सी. या यादीला ‘ए टू जी’ म्हणतात. म्हणजे एकाच प्रगतिपुस्तकावरचा डी शाळेला पास आणि विद्यापीठाला नापास. हे तिथल्या गोऱ्या मध्यमवर्गीय आईला बाळंतपणाच्या खोलीतच सांगतात की काय, इतकं पाठ असतं. मिचोआकानच्या आईला कोण सांगणार? मेक्सिकोत दहापैकी सहा म्हणजे पास, आणि पास म्हणजे पास. ती मुलीला मनापासून म्हणते, “एचाले गानास”, जीव ओतून कर. मुलगी ओततेही. पण दाराला कुलूप कुठे आहे हेच घरात कुणाला माहीत नसेल तर ओतलेला जीव वाहून जातो.

माझ्या मते सगळ्या विषयाची गाठ इथे आहे. या घरांत ढकलणारे हात भरपूर आहेत. वाट माहीत असलेला माणूस नाही.

आपलं ‘संस्कार वेगळे’ही इथेच उघडं पडतं. 2000 च्या आसपास मेक्सिकोहून आलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचं हायस्कूल झालेलं नव्हतं. पुण्या-मुंबईहून गेलेला मराठी माणूस इंजिनिअरिंगची पदवी आणि कंपनीचा व्हिसा घेऊन उतरतो; तो गाळूनच आत घेतलेला असतो. त्याची मुलगी अडली तर बाप जेवता जेवता समीकरण सोडवून देतो. मिचोआकानच्या मुलीची तुलना करायचीच तर ती ऊसतोडीच्या फडावर, कोपीपाशी बसून धाकट्याला खेळवणाऱ्या बीडच्या थोरल्या मुलीशी करा. तिच्या आईबापांचे संस्कार आपल्याहून हलके आहेत, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

वाट माहीत असलेला माणूस नाही, म्हणून मूलच वाटाड्या होतं. मार्जोरी ऑरेयाना यांनी अशा दुभाषी मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. बँकेचं पत्र, घरमालकाची नोटीस, डॉक्टरांचं निदान, सगळं दहा-बारा वर्षांच्या पोरानं इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आणायचं. ही मुलं शब्द तोलायला शिकतात, मोठ्यांच्या जगात लवकर वावरू लागतात. त्यांच्या वाचनाला याचा फायदाही होतो. पण पालकसभेत काय होतं बघा. शिक्षिका इंग्रजीत सांगणार मुलाच्या चुका, आणि त्या आईला स्पॅनिशमध्ये सांगणार ते मूलच. आपल्याला वाटतं, पोर थापा मारत असेल. ऑरेयाना यांना उलटच दिसलं: मुलं स्वतःची स्तुती गाळतात. शिक्षिका म्हणते “फारच हुशार आहे”, मूल भाषांतर करतं “ठीक चाललंय म्हणतात.” आईपुढे स्वतःची बढाई मारणं ‘बिएन एदुकादो’, म्हणजे चांगलं वळण असलेल्या, मुलाला शोभत नाही ना!

कागदपत्रांचा प्रश्न एका परिच्छेदात आटपते, पण टाळता येत नाही. टेक्सासमधल्या टायलर गावानं 1977 साली कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला 1000 डॉलर फी मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 15 जून 1982 ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की शाळेचा दरवाजा अशा मुलांनाही उघडाच राहील. पण निकाल बारावीपर्यंतच. रॉबेर्तो गोन्झालेस यांनी लॉस एंजेलिसमध्ये अशा तरुणांशी वर्षानुवर्षं बोलून दाखवलं की बऱ्याच जणांना सोळाव्या-सतराव्या वर्षी, गाडीचं लायसन्स काढायला किंवा कॉलेजचा फॉर्म भरायला गेल्यावरच कळतं की आपल्याकडे कागद नाहीत. त्या दिवसापासून वर्गातला पहिला नंबर कशासाठी, हा प्रश्न सुरू होतो. निकालानंतर बरोबर तीस वर्षांनी, 15 जून 2012 ला, ओबामा सरकारनं अशा तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरतं अभय आणि कामाचा परवाना देणारी योजना आणली. तेव्हापासून ती कोर्टात लटकते आहे, आणि त्या मुलांचा अभ्यासही.

चांगली बातमीही आहे, आणि ती मोठी आहे. 2000 साली सोळा ते चोवीस वयाच्या लॅटिनो तरुणांपैकी 28 टक्क्यांच्या आसपास शाळा अर्धवट सोडलेले होते. दोन दशकांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं. घरची मूल्यं काही वीस वर्षांत बदलली नाहीत.

शाळा घरापर्यंत चालत गेली की काय होतं, याची दोन उदाहरणं माझ्या आवडीची आहेत. 1990 च्या सुमारास ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये लुइस मोल आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांना मुलांच्या घरी पाठवलं. उपदेश करायला मुळीच नाही, विद्यार्थी म्हणून. एका शिक्षिकेला कळलं की वर्गातला एक मुलगा सुट्टीत मेक्सिकोहून मिठाई आणून टूसॉनमध्ये विकतो. भाव, नफा, सीमा, सगळं त्याला तोंडपाठ. तिनं पुढचे काही दिवस वर्गात मिठाईवरच गणित आणि विज्ञान घेतलं, आणि एका विद्यार्थ्याच्या आईनं येऊन मुलांना मिठाई करायला शिकवली. त्या दिवशी शिकवायला वर्गापुढे एक आई उभी होती.

दुसरं उदाहरण होसे हर्नांदेस यांचं. आईवडील मिचोआकानच्या ला पिएदादचे. दर वर्षी पिकामागून पीक करत कुटुंब कॅलिफोर्नियात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकायचं, आणि हिवाळ्यात गावी. मुलांची शाळा दर काही महिन्यांनी बदलायची. होसेंना बारा वर्षांचे होईपर्यंत इंग्रजी धड येत नव्हतं. दुसरीच्या वर्गशिक्षिका, मिस यंग, एके दिवशी सरळ घरी आल्या आणि आईवडिलांना म्हणाल्या, झाड सारखं उपटून लावत राहिलात तर मूळ धरणार कसं? एका जागी राहा. त्या घरात शिक्षिकेच्या शब्दाला मान होता. रेस्पेतो! कुटुंब स्टॉक्टनला स्थिरावलं. हर्नांदेस इंजिनिअर झाले, नासानं अकरा वेळा नाही म्हटलं, बाराव्या वेळी घेतलं, आणि 2009 च्या ऑगस्टमध्ये ते डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेले. प्रत्येक मूल अंतराळवीर होत नाही, आणि एका माणसाच्या गोष्टीवरून धोरण ठरवू नये, हे कबूल. पण त्या घरातली कुठलीही मूल्यं मिस यंगनी बदलली नव्हती. त्यांनी फक्त वाट दाखवली.

वाट दिसल्यावरही एक वळण राहतंच: कॉलेज घरापासून किती लांब? मॅथ्यू डेझमंड आणि रूथ लोपेस टर्ली यांनी 2009 साली टेक्सासच्या बारावीच्या मुलांची माहिती तपासली. कॉलेजात असताना घरीच राहणं महत्त्वाचं वाटतं, असं म्हणणाऱ्यांत लॅटिनो मुलं खूप जास्त होती, आणि चांगल्या पण दूरच्या कॉलेजांकडे त्यांचे अर्ज कमी का जातात याचं मोठं कारण हेच निघालं. अमेरिकन समुपदेशकाला घर सोडणं म्हणजे मोठं होणं वाटतं. या मुलांना घराला हातभार लावणं म्हणजे मोठं होणं.

माझ्या गणितवालीनं रसायनशास्त्राचा डी उन्हाळी शाळेत पुसून काढला. वाचनालयातल्या एका कर्मचारी बाईंनी ए टू जीची यादी तिला छापून दिली होती, ती तिनं वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली मी पाहिलीय. बारावीच्या मार्चमध्ये दोन पत्रं आली. एक सॅन होजे स्टेटचं, घरापासून बसनं काही मिनिटांवर. दुसरं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ शाखेचं. आपल्या मुंबईच्या सांताक्रूझचंच नाव, अर्थही तोच. फक्त हे डोंगरापलीकडे समुद्रकाठी, पन्नासेक किलोमीटरवर.

त्या संध्याकाळी तिची आई पहिल्यांदाच वाचनालयात आली. कामाचे कपडे तसेच, हाताला साबणाचा वास, सोबत भाऊ. मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये अभिनंदन केलं आणि मग इंग्रजीत, मुलीमार्फत, विचारलं की सांताक्रूझचं काय ठरलं. मुलीनं आईला विचारलं. आई मुलाच्या डोक्यावर हात ठेवून तिच्याकडे बघत म्हणाली, तुला जायचं असेल तर जा, याचं मी बघते.

मुलगी माझ्याकडे वळली. “आई म्हणते, फार लांब आहे.”

एवढं स्पॅनिश मला तोवर येत होतं. पावणेपाच झाले होते.